बामणघळीच्या भरतीचे पान : वेब डेव्हलपमेंट शिकतानाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

हेदवीला (ता. गुहागर) आमच्या राहत्या घरातच चार खोल्यांचे निवास आहे. पावसाळा सुरू झाला की पाहुण्यांचे येणे थांबते आणि दिवाळीपर्यंत हाताशी वेळ असतो. या वेळात वेबसाइट तयार करणे शिकून आमच्या निवासाचे पान स्वतः बांधायचे असे मी ठरवले आहे. माझे शिक्षण बी.कॉम. असून संगणकाचा उपयोग आजवर हिशेब आणि पत्रे लिहिण्यापुरताच केला आहे. कोकणात माझ्यासारख्याच कोणाला हे करायचे असेल तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी तारीखवार ठेवत आहे.

पानावर खोल्यांची माहिती असेलच, पण मला मुख्यतः भरतीची वेळ द्यायची आहे. उमामहेश्वराच्या देवळाजवळ खडकात जी चिंचोळी घळ आहे, त्या बामणघळीत भरतीच्या लाटा शिरल्या की पाणी प्रचंड वेगाने वर उसळते, आणि ते पाहायला किती वाजता जायचे हा प्रश्न आमच्याकडे उतरलेला प्रत्येक पाहुणा विचारतो. आजवर त्याचे उत्तर माझे सासरे नाना देत आले आहेत. ते तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता भरती. हा हिशेब पानाने करावा, एवढे माझे उद्दिष्ट आहे.

आजचा खर्च : वापरलेला, दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप १४,००० रुपये. ऑनलाइन व्हिडिओ कोर्स सवलतीत ४९९ रुपये.

१९ जून

कोर्समध्ये साठ तासांहून अधिक व्हिडिओ आहेत. घरात नेटवर्क मिळत नाही, खळ्यात विहिरीच्या बाजूला मिळते, त्यामुळे पाऊस उघडला की मी तिथे खुर्ची टाकून बसते. रोजचा दीड जीबी डेटा दोन तासांत संपतो. व्हिडिओची प्रत कमी केली तर डेटा पुरतो, पण मग पडद्यावरचा कोड वाचता येत नाही, आणि स्वल्पविराम आहे की पूर्णविराम हेही कळत नाही. जास्तीच्या डेटासाठी आतापर्यंत तीन रिचार्ज झाले.

८ जुलै

पाच आठवड्यांत ४६ तासांचे व्हिडिओ पाहून झाले. शिक्षक जे लिहितात ते मीही सोबत लिहीत गेले आणि प्रत्येक धडा नीट चालला, म्हणून आज कोर्स बंद करून कोऱ्या फाइलमध्ये आमच्या निवासाचे पान लिहायला घेतले. पहिल्या चार ओळींपलीकडे मला काहीही लिहिता आले नाही. मथळा, परिच्छेद आणि चित्र यांचे टॅग, म्हणजे पानातला कोणता भाग काय आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणा, आठवत होते, पण पान मुळात कोठून सुरू करायचे आणि कशात काय ठेवायचे हे कळेना. पाच आठवडे मी दुसऱ्याच्या हातामागून हात फिरवत होते. या पाच आठवड्यांतला फार थोडा भाग मला उपयोगी पडला, हे मी येथे स्पष्टपणे नोंदवते.

१० जुलै

चिपळूणला कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने सांगितल्यावरून फ्रीकोडकॅम्प या संकेतस्थळाचा मोफत अभ्यासक्रम सुरू केला. यात व्हिडिओ नाहीत. एक छोटी सूचना वाचायची, त्याप्रमाणे स्वतः कोड लिहायचा, आणि तो बरोबर असेल तरच पुढची पायरी उघडते. पहिला प्रकल्प मांजरांच्या फोटोंच्या पानाचा आहे. लिखित मजकुराला डेटा अगदी थोडा लागतो, त्यामुळे नेटवर्क क्षीण असतानाही काम थांबत नाही. एखादा टॅग नीट समजला नाही तर मोझिलाच्या एमडीएन या संदर्भस्थळावर त्याचे पान वाचते. आपल्या भागातल्या नेटवर्कचा विचार करता, कोणी मला विचारले तर मी लिखित अभ्यासक्रमच सुचवीन.

नवा नियम : शिकण्यासाठी एक तास दिला तर पुढचा एक तास तेच आमच्या पानावर, नमुना न बघता, लिहून पाहायचे.

२१ जुलै

मराठी मजकुराने आठ दिवस घेतले. याविषयी मी घेतलेल्या कोर्समध्ये एक शब्दही नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली अडचण मजकुराचीच होती. निवासाचे माहितीपत्रक काही वर्षांपूर्वी छापून घेतले होते आणि त्याची फाइल माझ्याकडे होती. त्यातला मजकूर उचलून पानात टाकला, तर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसली. ते माहितीपत्रक युनिकोड (सर्व लिप्यांची प्रमाण अक्षर-पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टात जुळवलेले होते, म्हणजे फाइलमध्ये देवनागरी अक्षरे नव्हतीच, देवनागरीसारखी दिसणारी चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली होती. चारही पाने मी पुन्हा टंकलिखित केली. त्यात दोन दिवस गेले.

दुसरी अडचण : साध्या नोटपॅडमध्ये फाइल साठवली आणि सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हे झाली. फाइल साठवताना यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत, निवडले नव्हते. प्रश्नचिन्हे झालेला मजकूर परत मिळवता येत नाही, तो पुन्हा लिहावा लागतो. नंतर यूटीएफ-८ मध्ये साठवूनही ब्राउझरमध्ये परकी चिन्हे उमटली, कारण पानाच्या वरच्या भागात कॅरसेट, म्हणजे मजकूर कोणत्या पद्धतीने साठवला आहे ते, सांगणारी ओळ मी लिहिली नव्हती. ती ओळ टाकताच सगळे दुरुस्त झाले. तेव्हापासून मी कोड लिहिण्याचे व्हीएस कोड हे सॉफ्टवेअर वापरते, ते फाइल मुळातच यूटीएफ-८ मध्ये साठवते.

तिसरी अडचण दिसण्याची. कोर्समधल्या मथळ्याप्रमाणे मी अक्षरांमधले अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंग, वाढवले होते. रोमन लिपीत ते शोभते. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटली आणि ‘हेदवी’ हा शब्द तीन सुट्या तुकड्यांसारखा दिसू लागला. अंतर पुन्हा शून्यावर आणले. ओळीची उंची कोर्समध्ये एक पूर्णांक दोन दशांश होती, तिने वरच्या वेलांट्या आणि रफार आधीच्या ओळीतल्या उकारांना टेकत होते, ती एक पूर्णांक सात दशांश केली. फॉन्ट म्हणून मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ घेतला. पानाच्या अगदी पहिल्या टॅगमध्ये भाषा मराठी असल्याची खूण, ‘एमआर’, घातली. काही फॉन्ट ती खूण पाहूनच मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात.

२ ऑगस्ट

पाऊस, वारा आणि विजेचा लपंडाव. लॅपटॉपची जुनी बॅटरी वीस मिनिटेच टिकते. एका संध्याकाळचे सगळे काम न साठवता गेले, तेव्हा आपोआप साठवण्याची सोय सुरू केली. मेमरी ४ वरून ८ जीबी करून घेतली, १,६०० रुपये.

१९ ऑगस्ट

आज नारळी पौर्णिमा. कोळीवाड्यांतून नारळ अर्पण झाले. दोन दिवसांपूर्वी पान प्रथमच इंटरनेटवर चढवले आणि दोन चुका एकदम उघड झाल्या.

माझ्या लॅपटॉपवर दिसणाऱ्या नऊ फोटोंपैकी सहा फोटो नेटवर दिसेनात. दोन दिवस मी कोडमधले फाइलींचे मार्ग बदलून पाहिले, फाइली पुन्हा चढवल्या. शेवटी लक्षात आले की कॅमेऱ्याने फाइलच्या नावाच्या शेवटची तीन अक्षरे रोमन लिपीच्या मोठ्या वळणात (कॅपिटल) लिहिली होती आणि मी कोडमध्ये ती लहान वळणात लिहिली होती. विंडोजला हा फरक चालतो, सर्व्हरला, म्हणजे पान ठेवलेल्या संगणकाला, चालत नाही. आता सर्व फाइलींची नावे लहान वळणात आणि मधे जागा न सोडता ठेवते.

दुसरी चूक वजनाची. नऊ फोटो मिळून ३८ एमबी होते आणि ते नानांच्या फोनवर उघडायला चार मिनिटे लागली. प्रत्येक फोटोची रुंदी १,२०० पिक्सेल केली आणि वेबपी या कमी वजनाच्या प्रकारात साठवला. एकूण वजन दीड एमबीच्या आत आले.

खर्चातली चूकही लिहून ठेवते. पान चढवण्यापूर्वी मी एका कंपनीकडून वर्षभराचे होस्टिंग, म्हणजे पान ठेवायची इंटरनेटवरची जागा, २,१४८ रुपयांना घेतले. आमच्यासारख्या साध्या, स्थिर पानाला गिटहब या संकेतस्थळाची मोफत सोय पुरते, हे मला नंतर समजले. ते पैसे परत मिळाले नाहीत. डोमेन नावाचे, म्हणजे पानाच्या पत्त्याचे, ७४९ रुपये मात्र योग्य कारणासाठी गेले. आधी मोफत जागेवर पान चालवून पाहावे आणि मगच खर्च करावा.

३० ऑगस्ट

जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाकडून हिशेब करवून घेण्याची भाषा. पाहुण्याने यादीतून तिथी निवडायची आणि पानाने भरतीची वेळ दाखवायची, एवढेच लिहायचे होते, तरी अकरा दिवस लागले.

पंचमी निवडली की पान ‘३.७५ वाजता’ असे उत्तर देत होते. पाचाची पाऊणपट पावणेचार होते, आणि पावणेचार म्हणजे ३ वाजून ४५ मिनिटे, हे माणसाला सांगावे लागत नाही, पण कोडला सांगावे लागते. पूर्ण तास वेगळे काढून उरलेल्या अपूर्णांकाला ६० ने गुणले. मग चतुर्थीला ‘३:०’ दिसू लागले, तेव्हा मिनिटे दोन अंकी करणारी ओळ वाढवली.

पुढची अडचण अंकांची होती. तिथीचा क्रमांक मी यादीत देवनागरी अंकांत लिहिला होता आणि जावास्क्रिप्ट देवनागरी अंकांना संख्या मानत नाही, त्यामुळे प्रत्येक तिथीला उत्तराच्या जागी ‘ही संख्या नाही’ या अर्थाची खूण येत होती. आतले सर्व हिशेब इंग्रजी अंकांत करायचे आणि फक्त दाखवताना ते मराठी पद्धतीच्या स्वरूपात बदलून घ्यायचे, ही रीत तेव्हापासून पाळते. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी सोय आहे, मराठी-भारत असे सांगितले की ती अंक देवनागरीत देते.

७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. घरात गणपती बसले. दुपारी पानावर चतुर्थी निवडली, उत्तर ३:०० आले. नानांनी ते वाचले आणि समाधानाने मान हलवली.

२० सप्टेंबर

पाहुण्यांना तिथी कोठून माहीत असणार, म्हणून त्यांनी ती निवडावी लागू नये, पानाने आजची तारीख बघून स्वतः ओळखावी, असे मला वाटले. ४ सप्टेंबरला भाद्रपद शुद्ध प्रतिपदा होती, तेथून रोज एक तिथी पुढे मोजायची असा कोड मी लिहिला. तो गणपतीचे सगळे दिवस बरोबर चालला. १८ तारखेला पौर्णिमा दाखवली, तीही बरोबर होती. काल १९ ला पानाने वद्य प्रतिपदा दाखवली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत द्वितीया होती.

नानांनी समजावून सांगितले. प्रतिपदा १८ ला सकाळी सूर्योदयानंतर लागली आणि १९ च्या सूर्योदयापूर्वीच संपली, म्हणून तिला सूर्योदय मिळाला नाही आणि तिचा क्षय झाला. तिथी दिवसाला बांधलेली नसते. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस असतात आणि तेवढ्यात तीस तिथी बसवायच्या असतात, त्यामुळे काही तिथींचा क्षय होतो, काहींची वृद्धी होते. हे मला लहानपणापासून माहीत होते, तरी कोड लिहिताना माझ्या मनात आले नाही. पंधरा दिवस योगायोगाने बरोबर आलेल्या उत्तरावर मी विश्वास ठेवला.

सरासरी लांबीने तिथी काढण्याचा प्रयत्नही दोन दिवस केला. खऱ्या तिथीची लांबी साधारण १९ पासून २६ तासांपर्यंत बदलते, म्हणून सूर्योदयाच्या आसपास उत्तर चुकते. चंद्राच्या गतीचे अचूक गणित मला जमणारे नाही. त्याऐवजी पंचांगावरून तारीखवार तक्ता हाताने भरायचा असे ठरवले.

२९ सप्टेंबर

ऑक्टोबर ते डिसेंबर, ९२ दिवसांचा तक्ता भरून झाला. संध्याकाळी ओटीवर बसून नाना दिनदर्शिकेतून तिथी मोठ्याने वाचत आणि मी लिहीत असे. चार संध्याकाळी लागल्या. एका ओळीच्या शेवटचा स्वल्पविराम राहिला होता, तेवढ्याने पानावरचा सगळा हिशेब बंद पडला. ब्राउझरमधल्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, चुकीच्या ओळीचा क्रमांक लिहिलेला असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते, आणि मी ९२ ओळी डोळ्यांनी तपासल्या. पान चालेनासे झाले तर सर्वांत आधी कन्सोल उघडावे.

५ ऑक्टोबर

आतापर्यंतची सर्वांत अवघड चूक. ती दोन दिवस मला दिसलीच नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

३ तारखेला घटस्थापना होती. नाना पहाटे पावणेपाचला उठले, त्यांनी फोनवर पान उघडले आणि मी उठल्यावर म्हणाले, “अगं, तुझं पान अजून अमावास्येतच आहे.” मी सात वाजता पाहिले तर शुद्ध प्रतिपदा दिसत होती, म्हणून त्यांच्या फोनने जुने पान साठवून ठेवले असावे असे मी समजले आणि ते साठवलेले पुसून टाकले. ४ तारखेला पहाटे त्यांनी पुन्हा पाहिले, पुन्हा आदल्या दिवशीची तिथी. मी उठले तेव्हा पुन्हा सर्व बरोबर. नानांच्या पाहण्यात चूक असेल असे मला क्षणभरही वाटले नाही, त्यांनी आयुष्यभर तिथी आणि भरती पाहिली आहे. म्हणून आज मीच पहाटे साडेचारला उठून बसले. पान खरोखर कालची तारीख धरत होते. साडेपाच वाजता ते आपोआप दुरुस्त झाले.

साडेपाच हा आकडा पाहताच कारण सापडले. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. तारीख मजकुराच्या रूपात मिळावी म्हणून मी टू-आयएसओ-स्ट्रिंग ही सोय वापरली होती आणि ती जागतिक प्रमाणवेळेतली तारीख देते. आपल्याकडे मध्यरात्र उलटून पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत तिच्या लेखी कालचाच दिवस असतो. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत मी पान कधीच तपासले नव्हते.

दुरुस्ती करताना आणखी दोन चुका केल्या. वर्ष, महिना आणि दिवस फोनच्या स्थानिक वेळेवरून वेगवेगळे काढले, तर पान कोरेच झाले, कारण जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते, ऑक्टोबर त्याच्या लेखी नववा असतो, आणि माझ्या तक्त्यात सप्टेंबर नव्हता. महिन्यात एक मिळवला, तरी पान कोरे. तक्त्यात ५ तारीख दोन अंकी लिहिली होती आणि कोड ती एक अंकी देत होता. ते जुळवल्यावर पान चालले. खात्रीसाठी नवरात्रात आणखी तीन पहाटे मी आणि नाना दोघांनी वेगवेगळ्या फोनवर पान पाहायचे ठरवले आहे.

१७ ऑक्टोबर

काल कोजागरी झाली आणि आज सूर्योदयाला पौर्णिमा होती. पानाने भरतीची वेळ ११:१५ दिली. साडेदहापासून बारापर्यंत मी बामणघळीच्या सुरक्षित अंतरावर बसून होते. सर्वांत मोठे उसळे अकरा ते साडेअकराच्या दरम्यान आले.

३ नोव्हेंबर

दिवाळीचे पाहुणे आले आणि पान प्रथमच अनोळखी लोकांच्या हाती गेले. पुण्याहून आलेल्या एका काकूंनी विचारले, “अमावास्येला सव्वाअकरा आणि पाडव्याला पाऊण, हा दीड तासाचा फरक कसा? बाकी दिवशी तर पाऊण तासच पुढे जाते.” १ तारखेला अमावास्या आणि २ ला प्रतिपदा होती, आणि त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर होते.

रात्री कागदावर हिशेब केला. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे व्हायला हवीत. पाऊणपटीच्या रीतीत ४५ धरली जातात. रोज तीन मिनिटे कमी पडत पंधरवड्याच्या शेवटी ४५ मिनिटांची तूट साचते आणि प्रतिपदेला ती एकदम भरून निघते. नानांना हे दाखवले. त्यांनी सांगितले की तोंडी हिशेबासाठी पाऊणपट सोपी आहे आणि होडी काढणारा माणूस मिनिटावर अवलंबून राहत नाही, तो तासभर आधी किनाऱ्यावर असतो.

मला त्यांचे म्हणणे पटले. मिनिटांपर्यंतची वेळ दाखवून मी पाहुण्यांना नसलेल्या अचूकतेचा भरवसा देत होते. पानावर आता वेळेआधी ‘सुमारे’ असते आणि त्याखाली तीन वाक्ये आहेत : हा पारंपरिक अंदाज आहे, घळीच्या काठावर उभे राहू नये, पोहण्यासाठी किंवा होडीसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचे भरतीचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे पाहावेत. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि घळीत पाणी फारसे उसळत नाही, हेही तिथीनुसार दिसेल अशी सोय केली. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ‘उधाण’ असे लिहून येते.

२४ नोव्हेंबर

खोली राखून ठेवण्याचा अर्ज पानावर घालण्याचा विचार सोडला. भरलेला अर्ज साठवायला सर्व्हरवर वेगळी व्यवस्था लागते आणि ती मी अजून शिकलेली नाही. त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा दिला. त्यात क्रमांकापूर्वी ९१ लिहावे लागते, पण अधिकचे चिन्ह लिहायचे नाही, एवढेच सांभाळायचे.

आजवरचा खर्च २०,१३६ रुपये : लॅपटॉप आणि मेमरी १५,६००, कोर्स ४९९, वाया गेलेले होस्टिंग २,१४८, डोमेन ७४९, जास्तीचा डेटा १,१४०. वेळ सुमारे ३१० तास, त्यांपैकी पहिले ४६ व्हिडिओंचे.

८ डिसेंबर

तक्ता ३१ डिसेंबरला संपतो. त्यानंतर कोणी पान उघडले तर ते कोरे दिसेल, म्हणून तारीख तक्त्यात नसेल तेव्हा तिथी निवडण्याची जुनी यादी दिसेल असे केले. ती ऑगस्टमधली यादी मी पुसून टाकली नव्हती, कोडच्या जुन्या प्रती सांभाळणाऱ्या गिटमध्ये ती होती.

नव्या वर्षाची दिनदर्शिका आली आहे. जानेवारीच्या ३१ ओळी काल आणि आज मिळून भरल्या. या वेळी मी वाचले आणि नानांनी फोनवर एकेक तिथी तपासली. पुढचे महिने दर रविवारी एक याप्रमाणे भरायचे आहेत.